गाईचा खाडा

आमच्या आणि काकींच्या घरांमधली भिंत छातीएवढी उंच आहे. मी लग्न होऊन कुरुळीत आले तेव्हा इथं निवडुंगाची वई होती. पुढं जमिनी गेल्या, पैसे आले आणि त्या पैशांतून दोन्ही घरांनी मिळून पहिलं काय बांधलं असेल तर ही भिंत. आणखी दोन थर चढवायचे ठरलं होतं. पण "मग आम्ही बोलायचं कुठून रं?" असं काकींनी गवंड्यालाच विचारलं आणि भिंत होती तेवढीच राहिली. आता तिच्या माथ्यावर माझा चहाचा कप ठेवायची एक गुळगुळीत जागा झाली आहे. काकींच्या बाजूला शेणाच्या हाताचे ठसे आहेत, ते पावसाळ्यातही जात नाहीत.

भिंतीच्या अलीकडे आमच्या भाड्याच्या अकरा खोल्या, पलीकडे काकींच्या सहा गाई. आमच्या गाई सासऱ्यांनी विकल्या. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, मग पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेडं उगवत गेली आणि सगळ्यांनीच हिशेब केला की खोली आंबवण मागत नाही. काकींनी हिशेब केला नाही असं नव्हे. उलट माझ्या ओळखीत त्यांच्याइतकं हिशेबी दुसरं कोणी नाही. त्यांचं उत्तर निराळं निघालं इतकंच.

परवा संध्याकाळी मी कप ठेवायच्या आतच काकी भिंतीला आल्या. हातात बादली नव्हती, म्हणजे बातमी मोठी.

"मागल्या आळीतल्या दादानं गाय आणली, पायलीस का?"

"पाहिली ना. चांगली दांडगी आहे. पंचवीस लिटरची आहे म्हणे."

"म्हणे!" काकींनी तो शब्द असा उच्चारला की गाय माझ्या डोळ्यांदेखत पाच लिटरनं उतरली. "काल अकरा दिलं तिनं. दोन टायमाचं मिळून."

दादांनी गाय लांबच्या कुठल्याशा बाजारातून आणली होती. एक लाख वीस हजारांना. सौदा रुमालाखाली झाला. व्यापाऱ्याचा हात, दादांचा हात, वर रुमाल, आत बोटं दाबून आकडे. जगाला दिसू नये म्हणून केलेली ही सोय. काकींचं म्हणणं, त्या रुमालाखाली दादांनाही काही दिसलं नाही.

"कास बघून भुलला. आगं, कास तुंबवून आणत्यात. आदल्या दिवसाची धारच काढायची नाय, म्हंजी सकाळी बाजारात कास मडक्यावाणी दिसती. मी म्हणलं होतं, तिथंच मुक्काम कर, तीन टाइम धार काढून बघ आन् मगच पैशे मोज. तर म्हणतो, काकी, टेम्पोचं भाडं चढतं."

"पण वासरू लहान होतं की तिच्यासोबत. म्हणजे नुकतीच व्यालेली असणार."

काकी हसल्या. अशा वेळी त्या आवाज न करता हसतात, फक्त पदर हलतो. "वासरू तिचं असंल तर ना! मी गेले होते बघायला. दोन तास बसले. एकदा चाटलं नाय तिनं त्याला. उलट लाथ घातली. दुसऱ्याचं वासरू लावून दिलंय. आन् दुसऱ्या येताची म्हणून घेतलीय, तर तोंड उघडून बघितलं मी. कधीची जुळलीय. दात झिजाया लागलेत."

दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग आठही दात आले की जनावर जुळलं. गाईचा जन्मदाखला तिच्या तोंडात असतो आणि तो वाचता येणारी माणसं गावात आता चार-पाचच उरली आहेत. बाकीचे आम्ही गाडीचं आरसी बुक वाचतो.

"मग आता हो?"

"आता काय? अकरा लिटर हे दुखणं नाय गं. पोटाला नीट घातलं तर तेरा-चौदावर जाईल. खरं दुखणं निराळंच हाय. डॉक्टरनी हात घालून बघितलं. रिकामी. व्यायला सहा-सात महिने तरी झाले असतील, आन् अजून गाभण नाय. सहा महिन्याचा खाडा विकत आणलाय त्यानं लाखाला."

खाडा हा शब्द मला माझ्या स्वयंपाकघरातला वाटायचा. काकींकडून मी रोज अर्धा लिटर दूध घेते. ज्या दिवशी घेत नाही त्या दिवशी कालनिर्णयवर फुली मारते. महिन्याच्या शेवटी भिंतीवरून आमचं त्या फुल्यांवर भांडण होतं. माझ्याकडे चार खाडे असतात, काकींकडे नेहमी तीन. चौथा कुठं जातो ते कुरुळीच्या भैरोबालाही ठाऊक नसावं.

पण काकींच्या गोठ्यातही एक कालनिर्णय आहे, हे मी बरीच वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. पत्र्याच्या खांबाला सुतळीनं बांधलेलं, कोपरे वासरांनी चघळलेले. त्यावर एकादशीच्या शेजारी 'तां मा' असं लिहिलेलं असतं. म्हणजे तांबडी माजावर. संकष्टीला 'बांडी भ', म्हणजे बांडी भरवली. तिथून एकवीस दिवसांच्या तारखेला गोल. त्या गोलाच्या दिवशी गाय पुन्हा माजावर आली तर उलटली, नाही आली तर आशा. मग दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, आणि ठरली की शेवटच्या पानावर व्यायची तारीख. बाईसारखेच नऊ महिने नऊ दिवस.

"तुम्ही दुधाचं कुठं लिहिता, काकी?" मी एकदा विचारलं होतं.

"दुधाचं कशाला लिहायचं? ते बादलीत दिसतंच की. दिसत नाय ते लिहायचं."

त्यांचं गणित त्यांनी मला शेणाच्या बोटानं भिंतीवर मांडून दाखवलं होतं. गाय व्याली की साठ दिवस तिला सोडायची, गर्भाशय जागेवर येऊ द्यायचं. मग पुढच्या एक-दोन माजांत ती ठरायला हवी. म्हणजे वर्षाला, फार तर तेरा महिन्याला, एक वेत. व्यायच्या आधी साठ दिवस दूध आटवून तिला विसावा. हे चक्र नीट फिरलं तर सहातल्या चार-पाच गाई कायम दुधात असतात. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. आटलेली रिकामी गाय काकींच्या हिशेबानं दिवसाला दोनशे रुपयांचं खाते. म्हणजे एका चुकलेल्या रात्रीचे चार हजार दोनशे. आणि ही चोरी कळत नाही. दूध सांडलं तर गल्ली गोळा होते. दिवस सांडले तर कुणाला काय दिसणार?

मला हे पटलं ते माझ्या खोल्यांमुळे. खोली नंबर सात दिवाळीनंतर दीड महिना रिकामी होती. पंखा नाही, पाणी नाही, तक्रार नाही, सगळं शांत. आणि तरी दर रात्री त्या खोलीत पैसे जळत होते. काकींना सांगितलं तर म्हणाल्या, "तुझी सात नंबर भाकड हाय."

आटवण्यावरून काका-काकींचं दर वेताला वाजतं. काकांचं म्हणणं, आठ लिटर देतेय ती गाय बंद कशाला करायची? काकी ऐकत नाहीत. शेवटची धार पूर्ण काढायची, सडांत डॉक्टरांनी दिलेल्या ट्यूबा सोडायच्या आणि दोन महिने त्या कासेला हात लावायचा नाही. या साठ दिवसांचं दूध ज्यानं काढलं त्यानं पुढच्या वेताचं चोरलं, असं त्या म्हणतात. काकांना चोर म्हणायची एवढी सोयीस्कर संधी त्या कशाला सोडतील!

काकांचा जीव मुळात गाईंत नाही, खोंडात आहे. खेड तालुक्यातला पुरुष आणि घाटाचा नाद नाही, असं होत नाही. घाट म्हणजे बैलगाड्याची धावपट्टी, हे बाहेरच्यांसाठी सांगते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यावर कायमचं शिक्कामोर्तब केलं. काकांच्या आयुष्याचे कालखंड हेच. "सात वर्सं कोर्टानं बैल घरी बसवला," काकी म्हणतात, "त्याच सात वर्सांत माझ्या गोठ्याला नवं शेड झालं. आता परत खोंडाला अंडी चालू." खोंड दावणीच्या टोकाला ऐटीत उभा असतो. लोकांना दाखवतात तो, आणि घर चालवतात त्या तिघी-चौघी, शेपटीनं माश्या हाकत.

दुधाचा पैसा कुठं आहे, तेही काकींनी आधी ओळखलं. डेअरीवर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागली तर पुरा दर. २०२४ च्या जानेवारीत सरकारनं लिटरमागं पाच रुपये अनुदान दिलं, तेव्हा गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर नोंदवण्यासाठी गोठ्यागोठ्यात पळापळ झाली. काकींच्या सगळ्या गाईंना बिल्ले आधीच होते. पण त्यांचं निम्म्याहून जास्त दूध डेअरीला जातच नाही. मोशीच्या सोसायट्यांत रतीब आहे. मुलगा सकाळी गाडीवर किटल्या बांधून इंद्रायणीचा पूल ओलांडतो आणि ट्रॅफिकच्या आत परततो. डेअरीच्या जवळजवळ दुप्पट भाव मिळतो. ज्या कारखान्यांनी चारा खाल्ला त्यांनीच गिऱ्हाईक आणून दारात बसवलं, एवढा एक न्याय झाला.

चारा मात्र खरंच गेला. कुरुळीत आता हिरवं म्हणाल तर कंपन्यांच्या गेटसमोरची हिरवळ. काकी मक्याच्या मुरघासाच्या बॅगा विकत घेतात, कडबा घेतात, हंगामात उसाचं वाढं. नुसत्या वाढ्यानं अंगातलं कॅल्शियम बांधलं जातं म्हणून सोबत क्षारांची भुकटी. आणि पाणी. "लिटरभर दुधाला चार-पाच लिटर पाणी पिती गाय. दोनदा पाजून भागत नाय. तुला दिवसातनं दोनदाच पाणी देऊ का?" त्यांची टाकी गोठ्यात सदा भरलेली आणि गाई मोकळ्या. ज्याला कृषी प्रदर्शनात मुक्तसंचार गोठा म्हणतात, त्याला काकी 'सोडलेल्या बऱ्या' म्हणतात.

या चाऱ्यापायी काकींना एकदा मोठा फटका बसला. रस्त्याकडेचं गवत कापून आणलं होतं. त्यात बोटभर तारेचा तुकडा. गाय चावून खात नाही, आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते, आणि जाळीपोटाच्या पुढं, पातळ पडद्याआड, काळीज. हरणी नावाची गाय होती. आधी उतारावरून खाली यायला नको म्हणायला लागली, मग कोपरं बाहेर काढून उभी राहायची, मग गळ्याखाली पोळीला सूज आली. डॉक्टर म्हणाले, तार टोचत गेली आहे, आता उशीर झाला. काकी चार दिवस भिंतीला आल्या नाहीत.

पाचव्या दिवशी त्या आल्या ते माझ्याकडे बिघडलेला स्पीकर मागायला. मला वाटलं दुःखानं डोकं फिरलं. त्यांनी त्यातलं चकतीसारखं लोहचुंबक काढलं, वेळूच्या काठीला तारेनं आवळलं आणि तेव्हापासून चाऱ्याचा प्रत्येक भारा पसरून त्यावरून ते चुंबक फिरवतात. अंगण झाडल्यासारखं, डावीकडून उजवीकडे. त्याला लागलेला माल त्या बरणीत साठवतात. मी पाहिली आहे ती बरणी. लेथवरचे कुरळे चुरे, दोन स्क्रू, स्टेपलरच्या पिना, वेल्डिंगच्या रॉडचं टोक. आमच्या गावाचा अर्धा इतिहास त्या लोणच्याच्या बरणीत आहे. मोठ्या चारही गाईंच्या पोटातही डॉक्टरांनी एकेक चुंबक सोडलं आहे. ते जाळीपोटात राहतं आणि आलं-गेलं लोखंड धरून ठेवतं. "माझ्या गाई आता होकायंत्रावाणी उत्तरेला तोंड करून बसतील," काकी म्हणाल्या. तेव्हा कुठं मला हायसं वाटलं.

दुसरं संकट फुकट येतं. कंपनीच्या कँटीनचा उरलेला भात, चपात्या, पाव. टेम्पोवाला दारात येऊन विचारतो. फुकट म्हणून आमच्याच गल्लीतल्या एकानं टोपलंभर भात घातला. रात्री गाय डाव्या कुशीनं फुगली, खाणं बंद, शेण पातळ आणि आंबूस. भात पोटात झपाट्यानं आंबतो, आम्ल चढतं, रवंथ थांबतो. सोडा पाजून, डॉक्टर बोलवून ती वाचली. पण दूध आठवडाभर गेलं. "फुकटचं जेवण माणसालाच पचत नाय," इतकं बोलून काकींनी तो विषय मिटवला.

माझ्याशी त्यांचं एकदाच कडू झालं, तेही चिकावरून. बांडी व्याली तेव्हा मी भिंतीवर भांडं घेऊन हजर. खरवसाची तयारी म्हणून वेलची कुटून झालेली.

"पयला चीक नाय मिळायचा."

"थोडाच द्या हो काकी."

"वासराला तासाभराच्या आत पोटभर चीक लागतो. तीस किलोचं वासरू, तीन लिटर. पोटातनं येतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी भांडायला कायपण नसतं, सगळं त्या चिकातच येतं. आन् जसा येळ जाईल तसं त्याचं आतडं ते घेईना होतं. तुझी वेलची उद्यापत्तोर वास सोडती का?"

दुसऱ्या दिवशी चीक आला. खरवस जरा सैल झाला, पण ती कालवड आज दोन वर्षांची आहे आणि तिला अजून एकदाही हगवण लागलेली नाही. तिच्या लहानपणी संसर्गजन्य गर्भपाताची लसही टोचली होती, चार ते आठ महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच. ही लस फक्त कालवडींना देतात हे मला तेव्हाच कळलं.

लसीचा विषय निघाला की २०२२ चा सप्टेंबर आठवतो. लम्पी आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद, चाकणचा शनिवार ओस. गाईंच्या अंगावर गाठी, पायाला सूज, ताप. टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस, त्यावर गल्लीनं पोटभर विनोद केले. विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती चालते. गाय दगावली तर सरकार तीस हजार देणार होतं. काकी त्या महिन्यात रोज संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करायच्या, शेण लांब टाकायच्या, गोचिडाचं औषध फवारायच्या, कारण रोग माश्या-डास-गोचिडांवर बसून येतो. सोसायटीतली तीन गिऱ्हाइकं दूध नको म्हणाली. उकळलेल्या दुधातून लम्पी माणसाला होत नाही, हे त्यांना पटवायला मुलाला पंधरा दिवस लागले. काकींचं एकही जनावर गेलं नाही. याचं श्रेय त्या अर्धं लसीला देतात, अर्धं नशिबाला. धुराचं नाव घेत नाहीत, कारण त्या धुरानं माझे वाळत घातलेले कपडे महिनाभर वासाचे झाले होते.

कासेबद्दल त्या सगळ्यांत हळव्या. धार काढायच्या आधी प्रत्येक सडाची पहिली पिचकारी काळ्या कडाप्पाच्या तुकड्यावर. गुठळी दिसली की ती गाय शेवटी आणि तिचं दूध वेगळं. धार झाली की सड औषधात बुडवायचे आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची. वैरणीची लालूच यासाठी, की गाय अर्धा तास उभी राहावी. तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं. बसली तर शेणातले जंतू आत. अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत मोरीत ओततात. ओतताना मान दुसरीकडे फिरवतात.

तर परवा भिंतीवर हे सगळं निघालं ते दादांच्या गाईमुळे. "पण गाय माजावर आल्याचं कळत कसं नाही हो लोकांना?" मी विचारलं.

"दिवसा बघत्यात म्हणून. गाय दिवसा खाती, पाणी पिती. जास्ती करून रात्री नायतर पहाटं दावती ती. अठरा तासाचा खेळ. त्यातनं दुभत्या गाईचा मुका माज असला तर हंबरत बी नाय. सोट टाकती, दुसरीच्या अंगावर चढती, दूध चोरती. कुणी बघणारा पायजे."

बघणारा आम्हाला खोली नंबर सातमध्ये सापडला. दीड महिन्यानं भाड्यानं गेली ना, ती एका बीडच्या पोरानं घेतली. सेकंड शिफ्टला असतो. रात्री साडेबाराला बस फाट्यावर सोडते, भिंतीकडेनं मोबाइलच्या उजेडात येतो. घरी त्याच्याही दोन म्हशी आहेत. आल्यावर आठवडाभरातच त्यानं सकाळी मला निरोप दिला, "काकूंना सांगा, रात्री ती कपाळावर चांद असलेली नुसती फिरत होती. बांडीच्या अंगावर दोनदा चढली." काकींनी तेव्हा मान हलवली आणि संध्याकाळी डॉक्टरांना बोलावलं. रात्री-सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. डॉक्टर मोटरसायकलवरून नायट्रोजनचं भांडं घेऊन आले. झाकण उघडलं की उणे १९६ अंशांची वाफ भिंतीवरून आमच्याकडे वाहत येते. त्यातून वीर्याची कांडी काढायची. काकींच्या माहेरी पहिली संकरित कालवड झाली ती अशाच कांडीची. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरळीकांचनला बायफ ही संस्था सुरू केली, तिथल्या माणसांचं नाव काकी आजही देवाच्या यादीत घेतात.

ती गाय म्हणजे चांदी. तिच्या नावापुढं तेव्हा 'भ' लागला आणि एकवीस दिवसांनी आज गोल होता.

रात्री एकच्या सुमारास मला गेटचा आवाज आला. मग कुजबूज. खिडकीतून पाहिलं तर काकी स्वेटर घालून भिंतीपाशी आणि बीडचा पोरगा डबा हातात धरून अलीकडे.

"नाय ना हलली?"

"नाही काकू. बसलीये. रवंथ करतीये."

"अर्धा तास बघितलंस?"

"बघितलं की. डबा पण इथंच खाल्ला."

सकाळी मी कप घेऊन गेले तेव्हा काकी कालनिर्णयसमोर उभ्या होत्या. पेन चालत नव्हतं. मी माझं दिलं. त्यांनी गोलात काहीच लिहिलं नाही, नुसता एक ठिपका दिला आणि पेन परत करायच्या ऐवजी अंबाड्यात खोचलं.

"आज दूध त्या पोराला दिलंय तुझं, अर्धा लिटर," त्या म्हणाल्या. "रात्रपाळीचं."

"मग माझा खाडा लिहा."

"कसला खाडा? खोली तुझी, भाडेकरू तुझा. घरातच गेलं की."